तिकडची अंबाडी

पोळा होऊन चारच दिवस झाले होते. आक्काकडं जेवायला गेलो होतो आणि आठच्या सुमारास भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडं रात्रीचे आठ म्हणजे तिकडं ओंटारियोत सकाळचे साडेदहा. घरामागच्या लाकडी ओट्यावर तो चहाचा मग घेऊन बसला होता आणि त्याच्या पाठीमागं, कोवळ्या उन्हात, चार मोठ्या कुंड्या होत्या. आक्कानं कपाळावरचा चष्मा खाली ओढला, फोन नाकाशी नेला आणि एकदम खुलली. "अगं बाई, अंबाडी लावलीस की रे! काय टवटवीत आलीय. कवळी हाय तवर खुडून घे बरं का, जून झाली की नुसता चोथा." भाचा दोन सेकंद थांबला. मग म्हणाला, "हो. खुडतो." व्हिडिओ कॉलवर कोण कुणाकडं बघतंय हे तसं कळत नाही, सगळेच एकमेकांच्या हनुवटीकडं बघत असतात. पण त्या वेळी त्यानं माझ्याकडं पाहिलं हे मला पक्कं कळलं.

मी ताटातली मिरची बाजूला केली आणि गप्प बसलो.

खोटं असं कुणीच बोललं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला जास्त टोचत राहिलं. आक्कानं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. भाच्यानं नुसतं हो म्हटलं. मी तर तोंडच उघडलं नाही. पण आठवडाभरात पिठाच्या गिरणीत, भजनी मंडळात, बचत गटाच्या बैठकीत बातमी पोचली की आक्काच्या पोरानं कॅनडात अंबाडी लावली. त्याच्या नोकरीबद्दलही असंच झालेलं आहे. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठातून तो बी.एस्सी. ॲग्री झाला, तिकडं जाऊन बागायतीचा डिप्लोमा केला आणि एका छोट्या परवानाधारक उत्पादकाकडं कामाला लागला. कशाची शेती आहे, असं आक्कानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "फुलांची." यातलं एक अक्षर खोटं नाही. कुंड्यांत होता तो गांजा, कामावर पिकवतो तोही गांजाच, आणि गांजा म्हणजे त्या झाडाच्या मादीचं फूलच. आपला १९८५ चा अमली पदार्थांचा कायदासुद्धा गांजा म्हणजे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे असंच सांगतो. नुसतं बी आणि नुसती पानं, शेंडे सोबत नसतील तर, त्यात धरत नाही. आक्काच्या डोळ्यांपुढं जरबेरा आला. आम्ही दोघांनी तो येऊ दिला.

तिची चूक म्हणावी तर तिच्याआधी मोठमोठ्यांनी हे साम्य पाहून ठेवलेलं आहे. अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे गांजासारखी दिसणारी जास्वंदीची बहीण. लिनियसनं हे नाव ठेवलं. अंबाडीची खालची पानं साधी, बदामाच्या आकाराची असतात आणि शेंड्याकडं जाता जाता पंजासारखी फाटत जातात, कडा करवतीसारख्या. अगदी जवळ गेलं तर फरक कळतो. अंबाडीच्या पानाची बोटं तळव्याला जोडलेली असतात; गांजाची बोटं देठापर्यंत सुटी, पाच, सात, कधी नऊ. अंबाडीच्या दांड्याला बारीक काटे असतात, हात फिरवला की चुरचुरतं. गांजाच्या शेंड्याला हात लावला की बोटं चिकटतात आणि वास संध्याकाळपर्यंत जात नाही. हे सगळं मला पुस्तकात वाचून कळलं असं म्हणायला आवडलं असतं.

गावाबाहेर महादेवाचं देऊळ होतं, ओढ्याच्या काठी. तिथं एक बाबा राहायचे. देवळाच्या मागच्या भिंतीला लागून, राखेच्या ढिगाजवळ, दरवर्षी दोन-तीन झाडं उगवायची आणि ती कशाची आहेत हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आम्ही पोरं वास घ्यायला जायचो आणि पळून यायचो. एकदा बाबांनी आमच्यादेखत त्यातलं एक चांगलं उंच झाड मुळासकट उपटून ओढ्यात फेकलं. आम्हाला वाटलं, रागावले. तो नर होता. नराचा पराग मादीवर पडला की तिच्यात बी भरतं आणि माल हलका होतो, हे मला पुढं चाळीस वर्षांनी भाच्याकडून कळलं. शंभरेक वर्षांपूर्वी बंगालात नर झाडं ओळखून काढायला खास जाणकार बोलवत, त्यांना 'गांजा डॉक्टर'च म्हणत. आमचे बाबा म्हणजे बिनफीचे डॉक्टर. संध्याकाळी दोन-तीन माणसं येऊन बसायची, त्यांत एक तर ग्रामपंचायतीचे सदस्य. बाबा तळहातावर कळी मळायचे, नखानं बी काढून भिंतीपलीकडं टाकायचे, चिलमीला ओली साफी गुंडाळायचे. पैसे कुणी देत नसे. कुणी चहापत्ती आणायचं, कुणी गूळ. माझ्या आजोबांना ते अजिबात आवडायचं नाही, पण त्यांचा आक्षेप रिकामटेकडेपणाला होता, झाडाला नव्हता. मग एका पावसाळ्यात ती झाडं उगवली नाहीत. बाबांनी उगवू दिली नाहीत म्हणा. तालुक्याहून कुणी येऊन गेल्याचं नंतर ऐकलं.

आणि याच झाडाची दुसरी आठवण वसतिगृहातली आहे. माझा खोलीमित्र, गणितात माझ्यापेक्षा फार पुढं. बसस्थानकामागून पुडी आणायचा, वर्तमानपत्राच्या कागदातली, चपटी दाबलेली, काळपट, अर्धी काडी आणि अर्धं बी. कुठून येते, कुणी पिकवली, तिच्यात काय मिसळलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसावं. दुसऱ्या वर्षाला त्याला भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले. गांजामुळंच झालं असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं नाही. पण कमी वयात, रोजच्या रोज आणि जोरकस माल ओढणाऱ्यांत हा धोका वाढतो, हे आता पुरेसं सिद्ध झालेलं आहे. त्याचे वडील त्याला घ्यायला आले तेव्हा ट्रंक मी उचलली होती. ती फार हलकी लागली होती. त्यामुळं या विषयावर कुणी डोळे मिचकावून बोलायला लागलं की मी उठून जातो.

म्हणून त्या रात्री घरी येऊन मी भाच्याला फोन लावला. "मामा, आईला सांगू नका." मी म्हटलं, "काय सांगू नको? अंबाडी नाही ते, का जरबेरा नाही ते?" तो हसला आणि मग तासभर बोलत राहिला. तिकडं १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा बदलला, क्वेबेकसारखा अपवाद सोडला तर घरटी चार झाडं लावता येतात. माणशी नव्हे, घरटी. म्हणून तो आणि त्याचा खोलीमित्र यांच्यात मिळून चार. विकायची नाहीत. नोकरीच्या ठिकाणाला मात्र परवाना आहे, पण 'सूक्ष्म' गटातला. झाडांचा पसारा सुरुवातीला फक्त २०० चौरस मीटरपर्यंत चालायचा. मी मनात हिशेब केला. दोन गुंठे. आपल्याकडं दोन गुंठ्यांत माणूस घर बांधतो आणि उरलेल्या जागेत कढीपत्ता लावतो. २०२५ मध्ये ही मर्यादा चौपट केली, म्हणजे आठ गुंठे. मालक नवरा-बायको, कामाला तीन माणसं.

त्याच्या बोलण्यात माती यायला लागली तसा मी सावरून बसलो. वाफ्यातली माती म्हणे वर्षानुवर्षं बदलत नाहीत. पीक काढलं की बुंधा कापायचा, मुळं तशीच आत कुजू द्यायची, वरून कंपोस्ट आणि पेंढा अंथरायचा. गांडुळं आहेत. कोळी पडला की त्याला खाणारा दुसरा कोळी सोडतात, तो पाकिटात मिळतो. आपल्याकडं विद्यापीठातून ट्रायकोकार्ड आणून कपाशीच्या पानांना टाचायचो, तोच मित्रकिडीचा धडा. "पण मोठे लोक असं करत नाहीत, मामा," तो म्हणाला आणि भुरीचं सांगितलं. द्राक्षावर पडते तशी पांढरी भुरी या फुलांवरही पडते. तिच्यावर मायक्लोब्युटॅनिल नावाचं बुरशीनाशक चालतं, आपल्या द्राक्षबागांतही ते वापरतात. द्राक्ष धुऊन खाल्लं, फवारणी ठरलेल्या मात्रेत आणि वेळेत असली, तर प्रश्न नसतो. पण तेच औषध फुलात राहिलं आणि फूल पेटवलं की त्याच्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतं. २०१६-१७ च्या सुमारास कॅनडात परवानाधारक उत्पादकांच्या वैद्यकीय मालात ते सापडलं, माल परत मागवावा लागला, आणि त्यानंतर तपासणी कडक झाली. हे ऐकून मी थोडा वेळ काही बोललो नाही. खाणारा माणूस भाजी धुतो, सोलतो, शिजवतो, नासकी बाजूला काढतो. ओढणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नाही. पिकवणाऱ्यानं जे केलं ते सगळं तसंच्या तसं छातीत जातं. बसस्थानकामागच्या त्या कागदी पुडीत काय काय होतं, ते मी त्या रात्री पहिल्यांदा मनात मोजायला लागलो.

विजेचं तर ऐकवत नव्हतं. हे झाड दिवस लहान व्हायला लागला की फुलतं. आपली अंबाडीही तशीच. आषाढात पेरली काय आणि श्रावणात पेरली काय, पिवळं, आतून गर्द तांबडं फूल ती दसऱ्याच्या आगेमागेच काढणार. मोठाल्या गोदामांत हा लहान दिवस कृत्रिमरीत्या घडवतात: बारा तास दिवे, बारा तास अंधार, वरून गारवा, आर्द्रता काढायची यंत्रं. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेपुरता हिशेब मांडला. बंदिस्त जागेत एक किलो वाळलेलं फूल काढायला, गावाच्या हवामानाप्रमाणं आणि तिथली वीज कशी बनते त्याप्रमाणं, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं. किलोमागं दोन ते पाच टन. आमच्याकडं कृषिपंपाला आठ तास वीज, तीही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, साप-विंचवात बॅटरी घेऊन पाण्याचं दार मोडायचं. आणि तिकडं फुलाला रात्र झाली असं वाटावं म्हणून वीज. पण भाचा प्रामाणिक आहे. "आमच्याकडंही हिवाळ्यात दिवे लागतातच," तो म्हणाला. "उणे वीसमध्ये जिवंत माती काय करणार? उन्हातलं पीक वर्षातून एकदाच."

मग मी व्यापाऱ्यासारखा प्रश्न विचारला. एवढं करून भाव किती जास्त मिळतो?

तो म्हणाला, फारसा नाही. दुकानात माल बंद पाकिटात असतो. पाकीट साधं, एका रंगाचं, त्यावर लाल चिन्ह, पिवळ्या चौकटीत धोक्याची सूचना आणि टीएचसीचा, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचा, आकडा. वास घेता येत नाही, हात लावता येत नाही. गिऱ्हाईक आकडा बघतं आणि किंमत बघतं. गांडुळांचा आकडा पाकिटावर नसतो. शिवाय सरकारचा कर ग्रॅमला किमान एक डॉलर. भाव चांगला होता तेव्हा ठरलेला. भाव कोसळला तरी डॉलर जागचा हलला नाही. कॅलिफोर्नियात हम्बोल्टच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या लपूनछपून दहा-वीस झाडं लावणारे लोक होते. २०१६ च्या मतदानानं गांजा कायदेशीर झाला आणि त्यांतले कितीतरी जण मोठ्या मळ्यांच्या मालाखाली दबून गेले. बेकायदेशीरपणानं जे तगवलं ते कायदेशीरपणानं बुडवलं. हे सांगताना त्याचा आवाज जरा चढला होता. मला मात्र यात नवीन काही ऐकल्यासारखं वाटेना. मोंढ्यात सोयाबीनचं पोतं उघडलं की ओलावा मोजायचं यंत्र आत खुपसतात आणि आकडा सांगतात. बाराच्या वर गेला की भाव खाली. तुम्ही शेणखत घातलं का तणनाशक मारलं, हे विचारणारं यंत्र अजून आलेलं नाही. २०२४ च्या खरिपात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यात त्याच्या खालीच बोली लागत होती. एका आकड्यावर सगळा जीव टांगणं आम्हाला कुणी कॅनडातून शिकवायला नको.

"म्हणून तर मामा, गिऱ्हाइकाला पिकवणारा माहीत पाहिजे," तो म्हणाला. "तो माहीत झाला की सगळं बदलतं." जर्मनीत जुलै २०२४ पासून मंडळं काढता येतात म्हणे, जास्तीत जास्त पाचशे सभासद, आपल्यापुरतं मिळून पिकवायचं, आपापसात वाटून घ्यायचं, बाहेर विकायचं नाही. पिकवणारा आणि ओढणारा एकाच वहीत. मला आपली भिशी आठवली. आणि मग नवगाव आठवलं, आताच्या बांगलादेशातलं. १८९३-९४ मध्ये इंग्रजांनी या झाडाची चौकशी करायला आयोग नेमला होता. सरसकट बंदीची गरज नाही, परवाना द्या, कर लावा आणि लागवड ठरावीक भागात गोळा करा, असा त्याचा सूर होता. त्या गोळा केलेल्या भागातल्या, नवगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ मध्ये चक्क गांजा उत्पादकांची सहकारी संस्था काढली. आपल्याकडं पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहायच्या तीसेक वर्षं आधी. सहकार महर्षींच्या पुतळ्यांना हार घालताना हे कुणी सांगत नाही.

पण त्याचं ते "सगळं बदलतं" माझ्या घशाखाली उतरेना. कारण मला आबा आठवत होते.

अंबाडी आमच्याकडं मुळात भाजीसाठी नव्हतीच. भाजी ही तिच्या कोवळेपणातली गोष्ट. ज्वारी-तुरीच्या रानात एखादी ओळ अंबाडीची टाकायची ती वाखासाठी. दिवाळीनंतर पुरुषभर उंच झालेली कापायची, पेंढ्या बांधून ओढ्याच्या डोहात दगडांखाली दडपायच्या. दहा-पंधरा दिवसांनी असा घाण वास सुटायचा की बायका पाण्याला वरच्या अंगाला जायच्या. मग साल सोलून, आपटून, धुऊन वाख बाभळीवर वाळत घालायचा. उन्हात तो म्हातारीच्या केसांसारखा चमकायचा. त्याचे दोर वळायचे आबा, मातंगवाड्यातले. पोळ्याच्या आदल्या दिवशी आबा घरोघर नवा कासरा, नवी म्होरकी, दावं घेऊन यायचे. आजोबा दोर हातात घेऊन पीळ बघायचे आणि डोळे मिटून सांगायचे, हा आबाचा, हा त्याच्या पोराचा. दावं तुटून बैल सुटला तर कुणाला बोलवायचं हे ठाऊक होतं. मालाचा धनी इतका माहीत असलेला बाजार मी पुन्हा पाहिला नाही. आणि तरी आबा आमच्या ओसरीच्या खालीच बसायचे. सुगीत खळ्यावर त्यांच्या पदरात पडायचं ते शेवटचं, मातेऱ्यासकट. सगळ्या गावाला त्यांचा हात ओळखू यायचा. त्या हाताला काय द्यायचं हे मात्र गावच ठरवायचं. लाल-निळा नायलॉन आला तेव्हा आजोबा हळहळले. आबा हळहळले नाहीत. त्यांचा नातू पुण्याला गेला.

हे मी भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमचे मालकही आम्हाला वर्षअखेर घरचा माल देतात, बोनसऐवजी."

या सगळ्यात एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही. त्याच आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला तुरीत गांजा लावला म्हणून धरलं होतं. दर हंगामात अशा दोन-चार बातम्या येतातच, तुरीत, कपाशीत, उसात. फोटो ठरलेला: पुढं मोळ्या बांधलेली झाडं, मागं ओळीनं उभे कर्मचारी, मधोमध तोंडावर टॉवेल घेतलेला माणूस. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. झाडं किती, याला तिथं महत्त्व नाही. वजन बहुतेक वेळा झाडाचं मुळ्या-दांड्यासकट करतात आणि मग कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालतो की कायद्यात तर फक्त शेंडे आहेत. उत्तराखंडानं २०१८ मध्ये याच झाडाच्या नशा नसलेल्या वाणांना, धाग्या-बियासाठी, परवाना दिला. २०२१ मध्ये तिकडं सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं दुसऱ्या कशालाच भाव नाही म्हणून गांजा लावू द्या, असा रीतसर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं केला, तेव्हा सगळे हसले होते. मीही हसलो होतो. फोटोतला टॉवेलवाला माणूस माझ्या भाच्याच्याच वयाचा दिसत होता, पायात प्लास्टिकची चप्पल. त्यानं खत काय घातलं होतं, नर उपटले होते का, कोणासाठी लावला होता, हे बातमीत नव्हतं. त्याचा माल ओढून कुणाच्या खोलीतल्या भिंती बोलायला लागल्या असत्या का, तेही नव्हतं. मला दोन्ही जाणून घ्यायचं होतं, आणि पेपर घडी घालून ठेवला.

दिवाळीला भाचा आला. आक्कानं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अंबाडी केली. पानं उकडून आंबट पाणी पिळून टाकलं, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटली, लोखंडी पळीत तेल तापवून त्यात लसूण लाल होऊ दिला. सकाळीच तिनं जुन्या साडीच्या चिंधीत गाठ मारून अंबाडीचं बी त्याच्या बॅगेत ठेवलं होतं. त्यानं ते काढून ठेवलं. पेरायचं बी तिकडं न्यायचं तर कागदपत्रं लागतात, विमानतळावर धरतात, असं सांगितलं. "एवढ्या अंबाडीला धरतेत?" आक्काला पटेना. "मग ती तुझ्या कुंडीतली कुठून आली?" भाचा माझ्याकडं बघायला लागला. या वेळी मध्ये कॅमेरा नव्हता.

"तिथलंच बी आहे," तो म्हणाला.

"केलीस का मग भाजी?"

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, चावला. "तिकडच्या अंबाडीला आंबटपणाच नाही, आई."

आक्कानं क्षणभर विचार केला. "पाणी गोडं असंल तिकडचं," म्हणाली आणि पळीतलं उरलेलं लसणाचं तेल त्याच्या ताटात ओतलं. मग माझ्याकडं वळली. "तू का थांबलास? घे की."